डोळ्यासमोरची सुई

शरीराच्या दुसऱ्या कोणत्याही भागात सुई टोचावयाची असली म्हणजे माणूस तोंड फिरवतो. दंडाला सुई लागत असता भिंतीवरच्या दिनदर्शिकेतली तिथी वाचता येते. कमरेला टोचून घेताना तर पाठच फिरवलेली असते. डोळ्याच्या बाबतीत ही सोय निसर्गाने ठेवलेली नाही. ज्याला टोचावयाचे तोच पाहणारा. धुळीचा कण जवळ आला तरी पापणी आपणहून मिटते, त्यासाठी मनाचा हुकूम लागत नाही. आणि येथे तर रुग्णाने जन्मापासूनच्या ह्या पहारेकऱ्याला बाजूस सारून, जागेपणी, स्वखुशीने डोळा पुढे करावयाचा असतो. ह्या एका गोष्टीचा इतिहास आम्ही येथे मांडू इच्छितो. शस्त्रांचा आणि औषधांचा इतिहास वैद्यकाच्या ग्रंथांत सापडतो. ज्याच्या डोळ्यात सुई गेली त्याच्या मनाचे काय झाले ह्याची नोंद मात्र विरळ, आणि बहुधा ओझरती आढळते.

विषय केवळ कुतूहलाचा राहिलेला नाही. पुण्या-मुंबईतच नव्हे, तर जिल्ह्याच्या गावीदेखील नेत्ररुग्णालयात ठरलेल्या वारी सकाळी एक रांग बसलेली दिसते. बहुतेक साठीच्या पुढचे, पुष्कळसे मधुमेहाचे; डोक्याला टोपी, कोणता डोळा हे सांगणारी कपाळावर खूण, शेजारी कामावरून रजा काढून आलेला मुलगा किंवा सून. हे मोतीबिंदूसाठी आलेले नाहीत. ह्यांच्या डोळ्याचा मागचा पडदा बिघडला आहे, आणि त्यासाठी डोळ्याच्या पोटात औषध टोचावयाचे आहे. तेही एकदा नव्हे, तर महिन्या-दोन महिन्यांनी पुनःपुन्हा. घरी सांगितले की पहिला उद्गार ठरलेला: "डोळ्यात इंजेक्शन?" त्या दोन शब्दांत जे भय आहे ते मात्र आजचे नव्हे.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात, सतराव्या अध्यायात, लिंगनाशावरील म्हणजे आपण ज्याला मोतीबिंदू म्हणतो त्यावरील शलाकाकर्म सांगितले आहे. फार थंडी नाही, फार उष्मा नाही असा काळ निवडावा. रुग्णाला बसवून आवळून धरावे आणि त्याला स्वतःच्या नाकाच्या शेंड्याकडे पाहावयास सांगावे. उजव्या डोळ्याला डावा हात व डाव्याला उजवा हात वापरावा. शलाका योग्य ठिकाणी शिरली म्हणजे बारीकसा आवाज होतो व पाण्याचा थेंब येतो. मग तिच्या टोकाने बाहुलीआडचा पडदा बाजूस सारावयाचा. त्या वेळी रुग्णाने शिंकू नये, खोकू नये, ढेकर देऊ नये, थरथरू नये. नंतर तुपाचे बोळे ठेवून पट्टी बांधावी, आणि उपद्रव नसलेल्या घरात रुग्णाने उताणे पडून राहावे.

हे सारे वर्णन शस्त्रवैद्याच्या बाजूचे आहे हे खरे; पण बारकाईने वाचले तर रुग्णही त्यात दिसतो. नाकाच्या शेंड्याकडे पाहा, ही आज्ञा डोळा एका जागी ठरावा म्हणून तर आहेच. परंतु भेदरलेल्या माणसाला करावयास काहीतरी काम मिळते हा तिचा दुसरा गुण, आणि आम्हांस तो पहिल्याहून लहान वाटत नाही. वाग्भट तर अष्टांगहृदयात हीच क्रिया सांगताना एक शब्द जास्तीचा घालतो. सुई बरोबर लागली, तिचा आवाज झाला, थेंब आला. ह्यानंतर वैद्याने काय करावे? रुग्णाचे सांत्वन करीत करीत डोळ्यावर स्तन्याची, म्हणजे आईच्या दुधाची, धार धरावी. सांत्वन ही क्रिया तेथे शलाकेच्या आणि दुधाच्या पंक्तीला बसवली आहे. उपचार आटोपल्यावर दाराशी चार गोड शब्द बोलावेत असे नव्हे. सुई डोळ्यात असताना बोलावे.

जाता जाता आणखी एक गोष्ट. वाग्भट शलाकेची जागा सांगतो ती बुबुळावर नव्हे, तर काळ्या भागापासून अर्धा अंगुळ सोडून, पांढऱ्या भागात. आजचा डॉक्टरही बुबुळाच्या कडेपासून साडेतीन ते चार मिलिमीटर मोजून, पांढऱ्या भागातच टोचतो. हेतू निराळा, शास्त्र निराळे, तरी पुढच्या बाजूने जावयाचे नाही एवढे दोघांनाही ठाऊक आहे. रुग्णाला मात्र दोन्ही काळी वाटत आले ते हेच, की सुई थेट बाहुलीतच शिरणार.

मधल्या शतकांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. ही विद्या फिरत्या लोकांच्या हाती गेली, आपल्या देशात तशीच युरोपातही. जॉन टेलर नावाच्या अशाच एका मिरवणाऱ्या इंग्रज नेत्रवैद्याने १७५० साली लाइपझिग येथे संगीतकार बाखच्या डोळ्यात दोन वेळा सुई घातली. बाखची दृष्टी गेली आणि त्याच वर्षी जुलैत तो वारला. आपल्याकडचे असे बिघडलेले डोळे मद्रासच्या सरकारी नेत्ररुग्णालयाचे प्रमुख रॉबर्ट एलियट ह्यांनी वर्षानुवर्षे गोळा करून तपासले आणि १९१७ मध्ये त्यांवर ग्रंथच लिहिला. लोकांच्या मनात डोळ्याची सुई म्हणजे डोळा जाणे हे समीकरण बसले असेल, तर ते अडाणीपणाने बसले असे म्हणता येणार नाही. अनुभवच तसा होता.

तोपर्यंत वेदना आणि भय ह्या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नव्हत्या. जेथे वेदना होणारच तेथे भय वेगळे मोजावयाचे कशास? ती फोड झाली १८८४ साली, व्हिएन्नात. कार्ल कोलर हा सव्वीस वर्षांचा तरुण डॉक्टर तेथील सार्वजनिक रुग्णालयात होता. डोळ्यावरील शस्त्रक्रियेत ईथर किंवा क्लोरोफॉर्म नीट उपयोगी पडत नाही हे त्याला खुपत होते, कारण शुद्धीवर येताना रुग्णाला उलट्या होतात, तो तळमळतो, आणि नुकताच कापलेला डोळा त्या हिसक्यांनी फुकट जातो. शिवाय डोळा हलवा, स्थिर ठेवा, असे सांगावयाचे तर रुग्ण जागा हवा. कोलरने मॉर्फीन आणि इतर द्रव्ये जनावरांच्या डोळ्यांत घालून पाहिली. यश आले नाही.

त्याचा मित्र सिग्मंड फ्रॉइड त्याच सुमारास कोकेनवर प्रयोग करीत होता आणि त्या उन्हाळ्यात त्यावर त्याचा लेखही प्रसिद्ध झाला होता. पुढे माणसाच्या मनाच्या तळाशी उतरू पाहणारा हा गृहस्थ त्या वेळी आपल्या वाग्दत्त वधूला भेटावयास परगावी गेला, आणि शोध मित्राच्या हाती लागला. कोकेनने जीभ बधिर होते हे अनेकांनी अनुभवले होते. जीभ बधिर होते तर डोळा का होणार नाही, हा प्रश्न कोलरला पडला. त्याने बेडकाच्या डोळ्यात थेंब टाकला. थोड्या वेळाने टाचणी लावली तरी बेडूक डोळा मिटेना. मग ससा, मग कुत्रा. आणि मग प्रयोगशाळेतील सहकारी गेर्टनर व कोलर ह्यांनी आपल्याच डोळ्यांत थेंब घातले, आरशापुढे उभे राहून टाचणीच्या डोक्याने बुबुळाला स्पर्श केला, आणि काहीही जाणवत नाही असे एकमेकांस सांगितले. १५ सप्टेंबर १८८४ रोजी हायडेलबर्गच्या नेत्रवैद्यांच्या परिषदेत हा शोध जाहीर झाला. कोलरपाशी तेथवर जाण्यापुरते पैसे नव्हते. त्याचा निबंध ब्रेटाउअर नावाच्या दुसऱ्या डॉक्टराने वाचला. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये हर्मन नॅप ह्यांनी कोकेनची सुई डोळ्याच्या मागे टोचून सारा डोळाच बधिर केला. आपल्याकडे मोतीबिंदूच्या शिबिरांत ज्यांनी डोळ्यालगत टोचून घेतले त्यांच्या त्या इंजेक्शनाचा वंश येथवर पोहोचतो.

वेदना गेली, जाग राहिली. आता रुग्णाला दुखत नाही, पण तो ऐकतो, त्याला दाब कळतो, दिव्याचा झोत कळतो, डॉक्टर कुणाशी काय पुटपुटला तेही कळते. शुद्ध भय असे जे आपण म्हणतो, ज्याला वेदनेचा आधारही नाही, ते नेत्ररुग्णाच्या वाट्याला प्रथम तेव्हा आले असे आमचे मत आहे.

ह्या भयाचे सर्वांत विलक्षण रूप मात्र सुईच्या वेळी नव्हे, तर त्यानंतर दिसले. मोतीबिंदू कापून काढण्याची रीत झाक दाव्हिएल ह्या फ्रेंच शस्त्रवैद्याने १७४७ पासून रूढ केली. छेद मोठा असे. तो सांधावा म्हणून रुग्णाला दिवसेंदिवस दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून उताणे निजवीत. आमच्या पिढीतील पुष्कळांनी आजी-आजोबांना असे पाहिले असेल: डोक्याच्या दोन्ही बाजूंस वाळूच्या पिशव्या, आणि जो येईल तो एकच मंत्र म्हणणार, "हलू नका." चित्रकार क्लोद मोने ह्याच्या डोळ्यांना मोतीबिंदू असल्याचे निदान १९१२ मध्ये झाले. त्याने दहा वर्षांहून अधिक काळ शस्त्रक्रिया टाळली. रंग ओळखू येईनात, तरी शस्त्राची भीती अंधत्वाच्या भीतीहून मोठी ठरली. अखेर क्लेमांसो ह्या आपल्या मित्राच्या, म्हणजे फ्रान्सच्या माजी पंतप्रधानाच्या, आग्रहाने तो १९२३ च्या जानेवारीत तयार झाला. आणि नंतरच्या त्या सक्तीच्या अंधारात तो इतका बिथरला की पट्ट्या ओरबाडू लागला.

मोने थोर म्हणून त्याची हकीकत उरली. सामान्य म्हाताऱ्या रुग्णांतही अशी उदाहरणे होतच. दिवसा शांत असलेले गृहस्थ रात्री उठून बसत, पट्टी फाडत, खोलीत परके लोक शिरले आहेत असे ओरडत. डॉक्टर ह्याला वार्धक्याचा भ्रम म्हणून सोडून देत. १९५० च्या दशकात माँट्रियल येथे डोनाल्ड हेब ह्यांच्या विद्यापीठात धडधाकट विद्यार्थ्यांना दिवसाला वीस डॉलर देऊन, डोळ्यांवर धुरकट चष्मे बांधून नुसते पडून राहावयास सांगितले, तेव्हा त्यांनाही नसलेल्या आकृती दिसू लागल्या. म्हणजे दोष केवळ वयाचा नव्हता. १९५८ मध्ये वाइसमन आणि हॅकेट ह्या बॉस्टनच्या दोघा मनोवैद्यांनी नेत्रशस्त्रक्रियेनंतरच्या ह्या बुद्धिभ्रंशावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांचा उपाय औषधाचा नव्हता. डॉक्टराने रुग्णाशी स्वतःचे असे नाते जोडावे, वारंवार जाऊन बसावे, आपण कुठे आहोत, काय चालले आहे, हे त्याला पुनःपुन्हा कळू द्यावे. वाग्भटाचा तो एक शब्द हजाराहून अधिक वर्षांनी अमेरिकेतल्या वैद्यक-नियतकालिकात असा फिरून आला, अर्थात त्यांना वाग्भट ठाऊक असण्याचे कारण नाही.

आता आजच्या सुईकडे वळू. डोळ्याच्या आतील काचेसारख्या गरात काही टोचणे हे सर्वस्वी नवे नाही. १९११ मध्ये ओम ह्या जर्मन डॉक्टराने सुटलेला पडदा बसविण्यासाठी हवा टोचली होती. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास पेनिसिलिन टोचून पाहिले गेले. पण ते संकटकाळचे उपाय. १९४८ साली मायकेलसन ह्यांनी असा तर्क मांडला की पडद्याला प्राणवायू कमी पडला की तेथे एखादे द्रव्य सुटत असावे, आणि त्याच्या हाकेने नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या फुटत असाव्यात. १९७१ मध्ये जूडा फोकमन ह्यांनी कर्करोगाच्या गाठींविषयी तशीच कल्पना मांडली आणि पुष्कळांचा उपहास सोसला. १९८९ मध्ये नापोलेओने फेरारा ह्यांनी ते द्रव्य हाती धरले. त्याला अडविणारे डोळ्याचे पहिले औषध अमेरिकेत २००४ च्या अखेरीस मान्य झाले. २००६ मध्ये रॅनिबिझुमॅब आले. त्याआधी २००५ मध्येच मायामीच्या फिलिप रोझेनफेल्ड ह्यांनी आतड्याच्या कर्करोगावरील औषधाचा, म्हणजे अव्हास्टिनचा, अगदी लहान अंश डोळ्यात टोचून पाहिला होता. ते स्वस्त पडते, म्हणून आपल्या देशात त्याचाच आधार अनेकांना झाला.

औषधाची मात्रा एक मिलिलिटरचा विसावा हिस्सा. सुई केसासारखी बारीक. बधिर करणारे थेंब, मग आयोडीनचे पाणी, मग पापण्या उघड्या ठेवणारी तार, मग 'वर पाहा' किंवा 'नाकाकडे पाहा', आणि क्षणभर दाब. सुई बाजूने येते. जिची धास्ती घेतलेली असते ती बहुतेकांना दिसतही नाही. दुसऱ्या दिवशी जी चुरचुर होते ती बहुधा सुईची नव्हे, आयोडीनची असते. जंतुसंसर्ग होऊन डोळा धोक्यात येण्याचा संभव हजारात एकाहूनही कमी. एवढे सगळे ठाऊक झाल्यावर भय मावळावे. तसे होत नाही.

मँचेस्टर येथे तीनशे रुग्णांची पाहणी होऊन तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्याहून अधिक रुग्णांनी ह्या उपचाराची चिंता वाटत असल्याचे सांगितले. चिंता कशाची, तर मुख्यतः दोन गोष्टींची: ह्या सुईनेच डोळा जाईल काय, आणि हे सारे करून गुण येईल काय. दुखेल काय, हा प्रश्न मागे पडलेला होता. कोलरने वेदना आणि भय वेगळे केले असे आम्ही वर म्हटले, त्याचा हा पुरावाच समजावा.

आपल्याकडे दुसऱ्या प्रश्नाला एक निराळी धार आहे. डोळ्याच्या उपचाराची आपली सगळी कल्पना मोतीबिंदूवर घडलेली आहे. शिबिरात गेले, पट्टी सुटली, नातवाचे तोंड स्वच्छ दिसले. ही गोष्ट घरोघर सांगितली गेली आहे. पडद्याच्या रुग्णालाही तेच हवे असते. रॅनिबिझुमॅबच्या मोठ्या चाचणीत दरमहा सुई घेणाऱ्यांपैकी सुमारे एकतृतीयांश लोकांची दृष्टी चांगली सुधारली, आणि शंभरांपैकी नव्वदांहून अधिक जणांची मोठी हानी टळली. वैद्याच्या दृष्टीने हा पराक्रम आहे. पण ज्याची दृष्टी होती तेवढीच राहिली त्याच्या हाती काय पडले? न घडलेली गोष्ट कुणाला दाखविता येत नाही. तीन सुया झाल्या, खर्च झाला, मुलाच्या तीन रजा गेल्या, वर्तमानपत्र पूर्वीसारखेच अंधुक, मग तो म्हणतो, "आता पुरे, मुलांना त्रास नको." हे वाक्य नम्रतेचे दिसते, पण ते निराशेचे असते, आणि ते ऐकून घरचे गप्प बसले तर काही महिन्यांत मधली दृष्टी निघून जाते. ह्या उपचारात सुईच्या भयाने जेवढे डोळे जात असतील त्याहून अधिक ह्या समजुतीने जात असावेत असा आमचा अंदाज आहे.

बाहेरच्या घटनाही मनावर ओरखडा काढून जातात. २०१६ च्या जानेवारीत गुजरातेतील काही रुग्णांच्या डोळ्यांना अपाय झाल्यावर औषध नियंत्रकांनी अव्हास्टिन डोळ्यात वापरण्याविरुद्ध इशारा दिला आणि मार्चमध्ये तो मागे घेतला. डॉक्टरांचे काम पूर्ववत सुरू झाले. रुग्णांच्या मनातली बातमी मागे घेतली गेली नाही. २०२० च्या टाळेबंदीत गाड्या बंद, बाहेर पडण्याची धास्ती; ठरलेल्या सुया चुकल्या, आणि पुढे आलेल्या काहींचे डोळे फार पुढे गेलेले होते.

आणखी एक गोष्ट रुग्ण सांगतच नाहीत. १७६० मध्ये जिनीव्हाच्या शार्ल बॉनेने आपल्या आजोबांची हकीकत लिहून ठेवली. आजोबांचे मोतीबिंदू काढलेले होते, नजर पुन्हा मंदावली होती, बुद्धी शाबूत होती. आणि त्यांना माणसे, गाड्या, इमारती दिसत. त्या खऱ्या नाहीत हे त्यांना पुरते कळत असे. पडद्याच्या मध्यभागाचा विकार झालेल्या पुष्कळांना असे दिसते, कारण डोळ्याकडून चित्र येईनासे झाले की मेंदू आपल्या पदरचे भरतो. आपल्याकडची आजी ओटीवर अनोळखी मुले बसलेली पाहते आणि गप्प राहते. बोलली तर घरचे म्हातारचळ म्हणतील, किंवा अंगारा लावतील. आणि इंजेक्शने सुरू झाल्यावर हे दिसले असेल, तर ती मनातल्या मनात औषधालाच दोष देऊन मोकळी होते.

डॉक्टरांविषयी एक तक्रार नोंदवल्यावाचून राहवत नाही. धीर देण्यासाठी 'काही होत नाही हो आजोबा' असे म्हणण्याची जी चाल आहे, ती आम्हांस पसंत नाही. काही तरी होतेच. थंड लागते, दाब कळतो, डोळ्यापुढे रेषा पोहतात. आमच्या परिचयाचे एक निवृत्त मुख्याध्यापक पहिल्या सुईनंतर घरी आले आणि पट्टी काढताच त्यांना नजरेच्या तळाशी काळी, वाटोळी गोळी लोंबताना दिसली. मान हलवली की तीही हलत होती. डोळा गेला असे समजून त्यांनी सारी रात्र खुर्चीत बसून काढली, बायकोला उठवले नाही. सुईबरोबर हवेचा बारीक बुडबुडा आत जातो. तो वर तरंगतो, पण पडद्यावर चित्र उलटे पडत असल्यामुळे खाली दिसतो, आणि एक-दोन दिवसांत विरघळतो. हे शास्त्र त्यांनी मुलांना भिंगाच्या धड्यात तीस वर्षे शिकवलेले होते. रुग्णालयातून निघताना कुणी एक वाक्य बोलले असते तर ती रात्र वाचली असती. ज्या रुग्णालयांत परिचारिका रुग्णाचा हात हाती धरून बसते, आणि आता थेंब, आता दाब, असे एकेक सांगत जाते, तेथे फारसे तत्त्वज्ञान न सांगता तेच काम होते.

दुसऱ्या खेपेला मुख्याध्यापकांना पुन्हा गोळ्या दिसल्या. ह्या वेळी त्यांनी त्या मोजल्या. चार होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन उरल्या, आणि दुपारच्या चहाला बसले तेव्हा एकही नव्हती. तिसऱ्या सुईची तारीख त्यांनी स्वतःच्या हाताने दिनदर्शिकेवर लिहिली आहे, अक्षर जरा मोठे काढून.